जिऑलॉजीत बीएस्सी: पुणे की गोवा?

बारावीनंतर जिऑलॉजी घ्यायचंय म्हणून खूप जण विचारतात, पुण्याला फर्ग्युसन बरं की गोव्यात चौगुले नाहीतर धेंपे. माझ्या मते कॉलेजपेक्षा आधी पायाखालचा दगड बघा.

पुण्याभोवती सगळा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. घाटात दोन थरांच्या मधे विटेसारखा लाल पट्टा दिसतो ना, तो रेड बोल, आणि दगडातल्या पोकळीत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक, लेन्स लावून बघितले की नजर हटत नाही. पण तीन वर्षं बेसाल्टच बेसाल्ट, नाइस, शिस्ट असे रूपांतरित खडक (उष्णता आणि दाबाने बदललेले) बघायला लांब टूर काढावी लागते.

गोवा एवढंसं, पण तिथे ३०० कोटी वर्षांहून जुना नाइस, दूधसागरचा ग्रॅनाइट, वर जांभा, आणि पट्ट्यापट्ट्यांचं लोहखनिज जे हातात घेतलं की वजनानेच कळतं, शिवाय समुद्रकिनारा, हे सगळं एका दिवसाच्या बसप्रवासात येतं.

पुण्याची जमेची बाजू म्हणजे एमएस्सी तिथेच विद्यापीठात करता येते, जॅमची (आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) तयारी करणारी मुलंही भेटतात, अर्थात एमएस्सी गोवा विद्यापीठातही आहेच. आणि यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेला एमएस्सी लागतेच, नुसत्या बीएस्सीवर बसता येत नाही, हे आधीच घरी सांगून ठेवा.

मला विचाराल तर बीएस्सी गोव्यात.