मोठं कुटुंब आणि क्रूझचं बंदर: जहाजाची सहल, स्वतःची गाडी की पायीच?

आजी-आजोबा, मुलं, सुना, जावई आणि नातवंडं असा बारा-पंधरा जणांचा गोतावळा क्रूझवर निघाला की जहाजावर फारशी अडचण येत नाही. खरा प्रश्न बंदरावर उतरल्यावर सुरू होतो. हातात आठ-दहा तास असतात. कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाची दुपारची झोप चुकून चालत नाही आणि कुणाला सगळंच पाहायचं असतं. मार्ग तीन आहेत: जहाज कंपनीची सहल घ्यायची, आधीच आपली गाडी आणि गाइड ठरवून ठेवायचा, किंवा आपलं आपण फिरायचं. बरीच कुटुंबं यातला एक मार्ग धरतात आणि सगळ्या बंदरांना तोच लावतात. माझ्या मते निवड बंदरागणिक करावी, आणि सगळ्यात आधी बघावं ते धक्क्यापासून मुख्य ठिकाणापर्यंतचं अंतर.

जहाजाची सहल

हिची खरी किंमत वेळेच्या हमीत आहे. बस वाटेत अडकली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. आपल्या आपण गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. बंदरच रद्द झालं तर सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात. जिथे जहाज धक्क्याला लागत नाही आणि छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं, तिथे सहलवाल्यांना सहसा आधी उतरवतात.

उणी बाजू म्हणजे चाल. चाळीस-पन्नास जणांची बस, पुढे झेंडी धरलेला गाइड, आणि मागे पडलेल्या आजोबांसाठी थांबायला कुणालाच सवड नाही. सहलीच्या वर्णनात ‘मध्यम श्रम’ लिहिलेलं असतं, पण त्यात किती पायऱ्या आहेत आणि बसायला जागा आहे का, हे मात्र विचारूनच कळतं. शिवाय दर माणशी असतो. पंधरा जणांची बेरीज केली की आकडा डोळ्यांत भरतो.

आपली ठरवलेली गाडी

इथे दर बहुधा गाडीमागे असतो, त्यामुळे माणसं जितकी जास्त तितका हा मार्ग परवडतो. पण मोठ्या कुटुंबासाठी पैशांपेक्षाही मोठा फायदा म्हणजे दिवस आपल्या चालीने चालतो. तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदराचं उदाहरण घ्या. तिथून सुमारे 20 किलोमीटरवर एफेससचे प्राचीन अवशेष आहेत. या जागेला वरचं आणि खालचं अशी दोन प्रवेशद्वारं आहेत. गाडीने वरच्या दाराशी सोडलं आणि खालच्या दाराशी घ्यायला आली, तर संगमरवरी रस्ता बराचसा उताराने पार होतो. फरसबंदी कुठे खडबडीत, तर कुठे झिजून गुळगुळीत झालेली आहे, सावली जवळजवळ नाही, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचणं फार महत्त्वाचं. ज्यांना एवढंही चालणं झेपणार नाही, त्यांना गाडी थेट खालच्या दाराशी नेऊ शकते. पन्नास जणांच्या बसला हे सांगता येत नाही.

गाडी ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या: बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, मुलांच्या वयाप्रमाणे सीट मिळेल का, आणि व्हीलचेअर ठेवायला जागा आहे का. गाडीची पायरी किती उंच आहे हेही विचारा. दिवसभरात आजीला पाच-सहा वेळा चढ-उतार करावी लागणार असते.

आपलं आपण

शहर धक्क्याला लागूनच असेल तर पैसे देऊन बसमध्ये बसण्याचं कारणच नाही. माँटेनेग्रोतलं कोटोर असंच. जुनं शहर बंदरासमोर आहे, आत वाहनं नाहीत, जमीन सपाट. तरुण मंडळी तटबंदीच्या साधारण 1350 पायऱ्या चढून किल्ल्यावर जाऊ शकतात, तोवर बाकीचे चौकात निवांत बसतात. माल्टातलं व्हॅलेटा उंचावर आहे, पण बंदराच्या बाजूने वर अप्पर बराक्का बागेत नेणारी 58 मीटर उंचीची लिफ्ट 2012 पासून सुरू आहे. ती माहीत नसेल तर ज्येष्ठांना उगाच चढ चढवला जातो.

अवघड बंदरं

रोमचं बंदर चिवितावेक्किया. तिथून रोम सुमारे 75 किलोमीटर, रस्त्याने दीड तास धरावा. ट्रेन आहे, पण स्टेशन बंदराच्या बाहेर आहे आणि मुलं, पिशव्या, काठी घेऊन दोनदा वाहन बदलावं लागतं. इथे जहाजाचीच एक सोय अनेकांच्या नजरेतून सुटते: फक्त नेणं-आणणं करणारी बस. ती रोममध्ये सोडते, ठरल्या वेळी परत आणते, मधला दिवस आपला. वेळेची हमी कायम राहते आणि गाइडमागे धावणंही वाचतं. मोठ्या कुटुंबाला रोमसाठी मी हीच सुचवीन. मात्र कोलोसियमची तिकिटं वेळ ठरवून आणि नावानिशी आधीच काढावी लागतात, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात. लिव्होर्नो बंदराहून फ्लॉरेन्सला जाणार असाल तर तिथलं उफ्फीझी कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं, हेही तारीख बघतानाच तपासा.

अथेन्स सोपं आहे. पिरेअस बंदर जवळ आहे, त्यामुळे आपली गाडी उत्तम. अॅक्रोपोलिस या प्राचीन देवळांच्या टेकडीवर चालायला अडचण असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, पण तिची चौकशी आधी करून ठेवा.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर मात्र मी वयस्क माणसांना नेताना दहादा विचार करीन. जहाज समुद्रातच थांबतं, टेंडर बोट कड्याच्या पायथ्याशी सोडते. वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, खेचर किंवा जवळपास 588 पायऱ्या. केबल कारमधून एका खेपेला 36 माणसं जातात, आणि एकाच दिवशी तीन-चार जहाजं आली की रांग तासावर जाते. जहाजाची सहल घेतली तर जाताना बहुधा दुसऱ्या धक्क्यावरून बसने वर नेतात, पण उतरताना अनेकदा त्याच रांगेत उभं राहावं लागतं. तरुणांनी जावं. ज्यांना तासभर उभं राहणं जड जातं, त्यांनी डेकवर बसून तोच कडा पाहावा.

असं गट पाडायला कचरू नका. सगळ्यांनी सगळं एकत्र पाहिलं पाहिजे या हट्टापायी लहानांची चिडचिड होते आणि थोरांची दमछाक. फक्त प्रत्येक गटात एक जण घड्याळाला बांधलेला असावा, आणि ते घड्याळ जहाजाच्या वेळेवर असावं. काही बंदरांत स्थानिक वेळ जहाजाच्या वेळेपेक्षा तासाने वेगळी असते आणि मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. जहाजाच्या रोजच्या पत्रकात जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. उतरण्याआधी प्रत्येक गटाने त्याचा फोटो काढून घ्यावा, आणि रोजची औषधं केबिनमध्ये न ठेवता सोबत घ्यावीत.