बिनीथ अ स्टील स्काय : पाच महिने, एक फोन आणि बाबांचा पाना

आधीच सांगते, हा गेम नवा नाही, 1994 चा आहे. सराईत माणूस तो एका शनिवार-रविवारात उरकेल. मी जूनमध्ये फोनवर टाकला आणि दिवाळीच्या सुट्टीत संपवला. एवढा वेळ लागला कारण अडले तरी नेटवर उत्तर बघायचं नाही असं ठरवलं होतं. शिवाय जुलैपासून शेजारच्या खुर्चीत बाबा येऊन बसायला लागले.

याला इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय बनवलेला गेम, म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. इंग्लंडातल्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर या छोट्या स्टुडिओचा गेम, पण प्रकाशक व्हर्जिन, म्हणजे मागे पैसेवाली कंपनी होती. तरी आज जे पिक्सेलवाले सायबरपंक (यंत्रांनी व्यापलेल्या अंधाऱ्या भविष्यातले) पॉइंट अँड क्लिक (वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचे) गेम येतात, त्यांच्या घरातला हा थोरला काका. 2003 मध्ये कंपनीने तो फुकट खुला केला. त्याआधी असेम्बली या यंत्राजवळच्या भाषेत लिहिलेला मूळ कोड स्कमव्हीएम, म्हणजे जुने गेम आजच्या यंत्रांवर चालवणारा प्रोग्रॅम, बनवणाऱ्या मंडळींच्या हवाली केला होता, म्हणून आज तो फोनवर चालतो. स्कमव्हीएम फुकट, गेमही फुकट. सीडीवाली आवृत्तीच घ्या, तिच्यात पात्रांचे आवाज आहेत.

कथा भविष्यातल्या ऑस्ट्रेलियात घडते. शहराबाहेरच्या उजाड मुलखाला गॅप म्हणतात. लहानपणी हवाई अपघातातून वाचलेला रॉबर्ट तिथल्या टोळीत वाढतो. फॉस्टर हे आडनाव त्याला बिअरच्या डब्यावरून मिळालेलं आहे. एक दिवस शहराचे शिपाई हेलिकॉप्टर घेऊन येतात, त्याला उचलतात, हेलिकॉप्टर कोसळतं आणि तो युनियन सिटीच्या वरच्या मजल्यावरच्या कारखान्यात येऊन पडतो. हे सगळं सुरुवातीच्या कॉमिकमध्ये येतं. ते डेव्ह गिबन्स या कॉमिक-चित्रकाराचं काम आहे आणि अजिबात शिळं वाटत नाही.

शहराची रचना मला सगळ्यात जास्त आवडली. आपल्याकडे वरचा मजला महाग, फ्लॅट दाखवणारा माणूस आधी बाल्कनीत नेऊन 'व्ह्यू' दाखवतो. युनियन सिटीत वर धूर, गिरण्या, भट्ट्या आणि कामगार. लिफ्टने जितकं खाली जाल तितकी श्रीमंती वाढत जाते. अगदी तळाला बाग, तळं आणि कुत्रं फिरवणारी मिसेस पियरमाँट. हे मी बाबांना समजावलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे, खालच्यांना पाणी पण आधी येत असणार."

फॉस्टरच्या खिशात एक सर्किट बोर्ड असतो, त्याचं नाव जोई. सापडेल त्या यंत्रात त्याला बसवायचं. भाड्याची खोली बदलावी तसं तो अंग बदलतो आणि प्रत्येक खोलीला नावं ठेवतो. पहिलं अंग व्हॅक्यूम क्लीनरसारखं, पुढे वेल्डिंगचा रोबॉट मिळतो तेव्हा स्वारी खूश. त्याचे टोमणे मी जमेल तसे मराठी करून सांगायचे. बाबांच्या मते तो त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या हेल्परसारखा बोलतो : कामाला नाही म्हणणार नाही, पण कुरकुर केल्याशिवाय हात लावणार नाही.

बाबा भोसरीत एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. गेम त्यांनी आयुष्यात कधी खेळला नव्हता. एका रविवारी मी वैतागलेली दिसले म्हणून त्यांनी विचारलं. मी अकरा दिवस अडकले होते. कारखान्यात मशीन चालू, गिअर फिरतायत, माझ्याजवळ वर्कशॉपच्या कपाटातून उचललेला पाना, आणि पुढे काय ते सुचेना. बाबांनी चष्मा लावला आणि पहिलं वाक्य काढलं, "गार्ड कुठंय याला? उघडे गिअर?" मग म्हणाले, "बंद करायला बटण नाही ना? मग जॅम कर."

चालला! पाना गिअरमध्ये घातला आणि सगळं ठप्प. हे कोडं म्हणजे एक इंग्रजी म्हण शब्दशः करून दाखवली आहे, हे मला नंतर कळलं. आपण कामात खोडा घालतो, इंग्रज पाना घालतात. म्हण माहीत नसणाऱ्याने हे कसं ओळखायचं, ही तक्रार रास्त आहे. पण फिटर माणसाला म्हण लागली नाही.

पुढे पॉवर प्लांटमध्ये दोन बटणं आहेत, ती एकदम दाबावी लागतात. मी एक दाबून दुसऱ्याकडे धावत होते. बाबा हसायलाच लागले. पॉवर प्रेसला दोन बटणं लांब लांब का देतात ते त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं : दोन्ही हात बटणांवर अडकले की एकही हात डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली, जात नाही. "इथे तर माणसं पण दोन आहेत. त्या जोईला सांग की." सांगितलं, झालं. त्याच्यानंतर बल्ब काढून होल्डरमध्ये स्फोटकाचा लगदा भरायचा आणि स्विच लावायचा असं एक कोडं आहे. ते मी सुचवल्यावर बाबा "हे मी बघितलं नाही" म्हणून चहा टाकायला उठले.

कारखान्याचा व्यवस्थापक लँब याचा प्रसंग मात्र हसण्यावारी गेला नाही. मेलेल्या अधिकाऱ्याचं कार्ड वापरून फॉस्टर शहराच्या यंत्रणेत शिरतो आणि लँबचा दर्जा काढून घेतो. मगाशी मिजास दाखवणारा माणूस, त्याला आता लिफ्टच खाली नेत नाही. घरी मांजर उपाशी आहे, तिला तेवढं खायला घाल म्हणून आपल्याच विनवण्या करतो आणि वर स्वतःचं कार्ड देतो. मला ही चलाखी वाटली होती. बाबा म्हणाले, त्यांच्या ओळखीच्या एकाला कामावरून काढल्याचं गेटवर कळलं होतं. तीनदा कार्ड लावलं, तिन्ही वेळा लाल दिवा. त्या दिवशी आम्ही पुढे खेळलो नाही.

आता वैताग. फोनवर स्कमव्हीएम धड चालवायला दोन दिवस गेले. डावा क्लिक बघण्यासाठी, उजवा वापरण्यासाठी. फोनवर उजवा क्लिक म्हणजे दोन बोटांचा टॅप. बाबांच्या बोटांना तो कधीच जमला नाही. वस्तू इतक्या बारीक आहेत की बोट ठेवलं की वस्तूच झाकते. ऑगस्टमध्ये जुन्या लॅपटॉपला माऊस जोडला आणि अर्धा त्रास संपला. दुसरं म्हणजे पात्रं आपापल्या कामाला फिरत असतात. 1994 साली याचं मोठं कौतुक झालं असेल, पण मला लँबशी बोलायचं असतं आणि तो नेमका दुसऱ्या खोलीकडे चाललेला असतो. मग त्याच्या मागे फिरा. आणि इथे मरण आहे! शेवटाकडे भुयारी रेल्वेच्या अंधारात काहीतरी मला ओढून घेऊन गेलं. आधीचा सेव्ह चार दिवसांपूर्वीचा होता. पावलोपावली सेव्ह करा, आळस करू नका.

आवाजांबद्दल एवढंच की कथा ऑस्ट्रेलियाची, पण फॉस्टर अमेरिकन ढंगात बोलतो आणि बाकीचे बहुतेक ब्रिटिश. बाबांना काहीच फरक पडला नाही, मला सतत खटकलं. विनोद ब्रिटिश आणि थोडा वाह्यात आहे. एक डॉक्टर मदतीच्या मोबदल्यात फॉस्टरकडे मेल्यानंतर देण्यासाठी एका अवयवाचं वचन मागतो. कुठला, ते मला भाषांतर करून सांगणं शक्य नव्हतं. मी किडनी म्हटलं. बाबा म्हणाले, "एवढ्याशा कामाला किडनी?" आणि बराच वेळ त्या डॉक्टरला बोलत राहिले.

लिंक नावाच्या संगणकाच्या आतल्या जगात जावं लागतं तो भाग मला कोरडा वाटला. शहरात प्रत्येक खोलीत हात घालायला काहीतरी होतं, इथे नुसते चौकोन आणि पासवर्ड. बाबा तिथे पेपर वाचत बसायचे. शेवटही घाईत उरकलाय. पाच महिने ज्या माणसाबरोबर हिंडले त्याला निरोप द्यायला आणखी दोन मिनिटं मिळायला हवी होती. काय होतं ते सांगत नाही.

हा गेम एकट्याने खेळू नका. आणि शेजारी बसणाऱ्याला गेममधलं कळत नसेल तर आणखी चांगलं.

2020 मध्ये याचा पुढचा भाग आला, बियॉन्ड अ स्टील स्काय. तो त्रिमितीय आहे आणि आमचा लॅपटॉप त्याला उचलायचा नाही. नवीन लॅपटॉप घ्यायचं घरात अजून काही ठरलेलं नाही, पण परवा बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्याच्यात तो कुरकुऱ्या आहे का?"