सागाऐवजी इंजिनिअर्ड बांबू : वर्षभराच्या वापरानंतर

हॉलच्या जमिनीला स्ट्रँड-वोव्हन बांबूच्या फळ्या, दोन दारं आणि स्वयंपाकघराचा ओटा लॅमिनेटेड बांबूचा. वर्ष होत आलं. जमिनीवर मी बेहद्द खूश आहे, दारांबद्दल तक्रार नाही, पण सिंकपाशी हा माल पुन्हा लावणार नाही.

दोन्ही प्रकार बांबूचेच, पण बनवण्याची रीत वेगळी. लॅमिनेटेडमध्ये बांबू उभा चिरून पट्ट्या काढतात, उकळून त्यातली साखर आणि स्टार्च घालवतात (नाहीतर भुंगा लागलाच म्हणून समजा), वाळवतात आणि गोंदाने चिकटवतात. स्ट्रँड-वोव्हनमध्ये तंतू चेचून रेझिनमध्ये भिजवतात आणि प्रचंड दाबाखाली त्यांचा ठोकळा करतात. त्याची घनता घनमीटरला १००० किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. साग साधारण ६५०. हा फरक जमिनीवर रोज कळतो. लोखंडी पायांची खुर्ची सरकते तिथे पॉलिशवर ओरखडे आहेत, खड्डा एकही नाही. रंगही वरून चढवलेला नाही, वाफेने भाजून आलेला आहे, त्यामुळे ओरखड्यातून पांढरं डोकावत नाही. कोरड्या हवेत फळ्यांमध्ये बारीक फटी पडतात, दमट दिवसांत मिटतात. भिंतीलगत १० मिलिमीटर जागा सोडून वर स्कर्टिंग मारलंय, म्हणून जमीन कुठे उचलली नाही.

सुतार मात्र वैतागला. बांबूत सिलिका असते, साधं पातं बघता बघता बोथट होतं. कार्बाइड दातांचं पातं आणल्यावर काम पुढे सरकलं. आधी भोक न पाडता स्क्रू मारला की फळी सरळ रेषेत चिरते. आणि बोटात कूस गेली की सुईसारखी आत जाते.

आता ओटा. फळीच्या कापलेल्या टोकाकडे नीट पाहिलं तर ठिपकेच ठिपके दिसतात. ते तंतूंचे गठ्ठे, आणि पाणी शिरतं ते याच टोकातून. टोकांना पॉलिशचे हात देऊनही नळामागच्या सांध्यावर आधी काळी रेघ उमटली, मग एक पट्टी केसभर वर आली. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते.

म्हणून माझं मत असं झालंय की बांबू घेताना खरं तर गोंद विकत घ्यायचा असतो. बांबू हे गवत. चार-पाच वर्षांत कापायला येतं आणि त्याच बेटातून पुन्हा फुटतं. सागाला त्यासाठी काही दशकं लागतात. इथवर सगळं छान. पण युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद स्वस्त असतो, पाण्याला कच्चा असतो आणि घरात फॉर्मल्डिहाइडची अपायकारक वाफ सोडत राहतो. फिनॉलिक रेझिन ओलीला बरंच टिकतं. मी गोंद कोणता म्हणून विचारलं, तर एका विक्रेत्याचं उत्तर होतं, "इको-फ्रेंडली आहे साहेब!" तिथून उठलो. जिथे ई-१ दर्जा (म्हणजे ही वाफ कमी सुटते असं सांगणारा युरोपीय दर्जा) कागदावर दाखवला, तिथून माल घेतला. शिवाय बाजारातला बराचसा इंजिनिअर्ड बांबू चीनमधल्या मोसो जातीचा. जहाजाचा प्रवासही हिशेबात धरा.

बाल्कनीच्या डेकला लावायचा असेल तर बाहेरच्या वापरासाठी बनवलेलाच घ्या. घरातला माल उन्हापावसात राखाडी पडतो आणि बुरशी धरतो.

सिंकभोवती आता दगड बसवणार आहे. निघालेल्या फळीचं पुस्तकांचं फडताळ करायचा विचार आहे. सुताराला अजून सांगितलेलं नाही.