आजारी गोल्डफिश: उपचार टाकीतच करायचे की वेगळ्या टबात?

मासा आजारी दिसला की पहिला सल्ला हमखास येतो: आधी त्याला वेगळा काढा. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. जाळी, टब, एअर स्टोन आणि पाठोपाठ औषधाची बाटली. हल्ली जाळीला हात लावण्याआधी मी एवढंच ठरवतो की आजार पाण्यात आहे, टाकीभर पसरलाय की त्या एकाच माशाच्या अंगात आहे. हे कळलं की टाकी की टब हा प्रश्न बराचसा सुटलेला असतो.

आजार पाण्यात असेल तर: टाकी

पर मिटून तळाशी बसणं, पृष्ठभागाशी येऊन हवा गिळणं, शेपटीत लाल रेघा दिसणं, दगडावर अंग घासणं. ही लक्षणं जंतूंचीही असतात, परजीवींचीही आणि नुसत्या खराब पाण्याचीही. डोळ्यांनी फरक कळत नाही, पाणी तपासायच्या टेस्ट किटने कळतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, असं असेल तरच पाण्यावरचा संशय सोडायचा.

गोल्डफिश खादाड, आणि खातो त्या मानाने घाणही करतो. कल्ल्यांतून तो सतत अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि बहुतेकांचा पहिला गोल्डफिश याच काळात आजारी पडतो. जुन्या टाकीतही एखाद्या उत्साही रविवारी स्पंज क्लोरीनच्या नळाखाली खळखळून धुतला की ते जिवाणू मरतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय किटवरचा आकडा तोच असला तरी धोका तोच नसतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, ७ ऐवजी ८ असेल तर त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो.

अशा वेळी मासा टबात काढणं मला चुकीचं वाटतं. टबात पाणी कमी आणि मुरलेला, म्हणजे जिवाणू वाढलेला, फिल्टर नाही, त्यामुळे त्याच माशाचा अमोनिया तिथे आणखी लवकर साठतो. मागे राहिलेले मासे तर त्याच पाण्यात पोहत असतात. त्यापेक्षा टाकीतलं एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं आणि त्यात क्लोरीन मारणारं औषध घातलेलं हवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, गरज असेल तर पुन्हा बदला. दोन दिवस खाणं बंद. नायट्राइट चढलं असेल तर लिटरला १ ग्रॅम मीठ खरंच उपयोगी पडतं, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो.

अपवाद एकच. टाकीत साबण, डास मारायचा फवारा असं काही गेलं असेल तर विचार करत बसू नका. सगळे मासे स्वच्छ पाण्यात काढा.

आणखी एक. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना नारिंगी माशावर काळे डाग उठतात. मासा बरा होत असतो आणि नेमक्या त्याच वेळी मालक घाबरून औषध सुरू करतो.

पांढरे ठिपके: पुन्हा टाकीच, पण कारण वेगळं

अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके म्हणजे इक, हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण आधी मासा नर आहे का ते बघा. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढरे पुळीसारखे ठिपके येतात. ते तेवढ्याच जागी असतात, शेपटीभर पसरत नाहीत, आणि त्यांना कसलाही उपचार लागत नाही.

इक हा एकपेशीय परजीवी आहे. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे कातडीखाली बसून पोसला जाणारा जीव, आणि तिथवर औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, तिथे त्याचे शेकडो तुकडे होतात, आणि ही पिल्लावळ नवा मासा शोधत पाण्यात सुटते. औषध किंवा मीठ लागू पडतं ते याच टप्प्यावर. म्हणून ठिपकेवाला एक मासा टबात नेऊन बरा केला तरी टाकीतल्या रेतीत पुढची फौज तयार होत असते, आणि न काढलेल्या माशांच्या कल्ल्यांत तर ती आधीच शिरलेली असू शकते. उपचार टाकीलाच करावा लागतो. नाहीतर सगळेच्या सगळे मासे बाहेर काढून टाकी रिकामी ठेवावी लागते. अंगावर बसायला मासाच नसला की परजीवी मरतो. पाणी उबदार असेल तर हे चक्र काही दिवसांत संपतं, थंड असेल तर आठवडे घेतं.

चक्र लवकर संपावं म्हणून हीटर लावतात. गोल्डफिशच्या बाबतीत इथे हात आखडता घ्यावा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. कल्ल्यांत परजीवी बसलेल्या माशाला ही घट जाणवते. मी दिवसाला एखाद-दुसरा अंश वाढवत २६ पर्यंत जातो आणि एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवतो.

टाकीत घालायचं ते मीठ की औषध?

इकसाठी मीठ म्हणजे लिटरला ३ ग्रॅम. एकदम नाही, तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्त्यानंतर बारा तास थांबून, टाकीतल्याच पाण्यात विरघळवून. चमच्याने मोजू नका. खड्याचं मीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा सारखा भरत नाही, वजनकाटा घ्या. टाकी किती लिटरची हेही अंदाजाने नको. ६० सेंमी लांब, ३० रुंद आणि पाण्याची उंची ३० असेल तर ५४ लिटर, त्यातून रेती-दगडांची जागा वजा केली की ४७-४८ उरतात. मीठ उडून जात नाही, उडतं ते पाणी. म्हणून कमी झालेलं पाणी साधं भरायचं, आणि पाणी बदललं तर बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घालायचं. ठिपके गेल्यावरही आठवडाभर मीठ राहू द्यायचं.

मिठाचा मोठा फायदा म्हणजे या प्रमाणात ते फिल्टरच्या जिवाणूंना फारसं दुखावत नाही. तोटा झाडांचा: बहुतेक पाणवनस्पती या खारटपणात सडतात.

मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन यांची मिश्र औषधं जास्त खात्रीची आणि जास्त धोक्याचीही. फॉर्मॅलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं, त्यामुळे हवा वाढवल्याशिवाय ते घालू नये. फिल्टरमधला कोळसा आधी काढावा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. हातमोजे घाला, दोन्ही रसायनं माणसालाही बरी नव्हेत. टाकीत झाडं नसतील किंवा त्यांची पर्वा नसेल तर मी आधी मीठच निवडतो. चार-पाच दिवसांत ठिपके वाढतच राहिले तर मीठ उतरवून औषधाकडे वळतो. दोन्ही एकदम नाही.

मिथिलीन ब्लू हे निळं औषध मात्र मोठ्या टाकीत कधीच घालू नका. मी घातलं होतं. मासा वाचला, पण फिल्टरचे जिवाणू मेले, आठवडाभरात अमोनिया चढला आणि जो मासा आजारीच नव्हता तो गेला. काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन अजून निळं आहे.

आजार एकाच माशाचा असेल तर: टब

शेपटी कुरतडल्यासारखी होत चाललीय, जखमेवर कापसासारखी बुरशी आलीय, किंवा बाकीचे मासे अशक्त माशाला टोचून हैराण करताहेत. पाणी तपासलं, ते चांगलं आहे. इथे टब जिंकतो. औषध कमी लागतं, मोठ्या टाकीचा फिल्टर शाबूत राहतो, आणि मासा खातो का, त्याची विष्ठा कशी आहे, हे दिसतं. शंभर लिटरच्या टाकीत हे कळत नाही.

टब म्हणजे बादली नव्हे. मासा लहान असेल तर २० लिटर, वीतभर असेल तर ४०. तळाला रेती नको. स्पंज फिल्टर, वर झाकण, दोन बाजूंना कागद, म्हणजे मासा बावरत नाही. रोज निम्मं पाणी बदलायचं आणि बदललेल्या पाण्यापुरता औषधाचा डोस परत द्यायचा. ज्याला हे रोज जमणार नाही त्याने टबाच्या वाटेला जाऊ नये. न बदललेल्या पाण्यातला टब आजारापेक्षा वाईट. एक सोय आधीच करून ठेवता येते: जास्तीचा एक स्पंज कायम मोठ्या टाकीत मुरत ठेवायचा आणि वेळ आली की टबात लावायचा. टबात मिथिलीन ब्लू वापरणार असाल तर मात्र हा स्पंज लावून उपयोग नाही.

अँटिबायोटिक पाण्यात घातलं की ते माशाच्या पोटात जातं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे पाण्यात घातलेलं औषध त्याच्या पोटात जात नाही. आतला संसर्ग असेल तर खाण्यातून दिलेलं औषध किंवा इंजेक्शन जास्त लागू पडतं, आणि ते कोणतं व किती हे मासे तपासणाऱ्या पशुवैद्यानेच ठरवावं.

खवले अननसासारखे उभे राहिले, पोट फुगलं, की तो जलोदर. हा स्वतः आजार नाही, आतले अवयव, बहुधा मूत्रपिंड, निकामी होत असल्याची खूण आहे. यातून थोडेच मासे उठतात. टब इथे बरं करण्यापेक्षा निवांतपणासाठी. मासा खात असेल तोवर मी प्रयत्न करतो. त्रास संपवण्याची वेळ आली तर पशुवैद्याकडून भूल देऊन संपवावा, बर्फाच्या पाण्यात नाही आणि कमोडमध्ये तर नाहीच.

मधले काही

मासा उलटा किंवा तिरका तरंगतोय म्हणून लोक लगेच टब भरतात. ओरांडा, रंचू अशा गोल अंगाच्या जातींत वाताशयाची, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीची, ही कुरबुर नेहमीची. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून सोललेला मटार, पुढे बुडणारं खाद्य. उपासाने बाकीच्या माशांचंही काही बिघडत नाही, तेव्हा टाकीतच करा. पाठ किंवा पोट पाण्याबाहेर राहून कातडी सुकायला लागली तरच उथळ पाण्याचा टब.

अँकर वर्म, म्हणजे अंगातून दोऱ्यासारखा बाहेर लोंबणारा परजीवी, दोन्हीकडे काम लावतो. चिमट्याने काढायला मासा बाहेर घ्यावा लागतो, पण त्याच्या अळ्या टाकीच्या पाण्यात फिरत असतात, म्हणून औषध टाकीलाही द्यावं लागतं.

टबातून परत

शेवटच्या डोसनंतर आठवडाभर मासा साध्या पाण्यात नीट खातोय, पर उघडे आहेत, हे बघून मगच परत सोडा. टबात मीठ असेल तर रोजच्या पाणीबदलात ते हळूहळू उतरवा. टबाची जाळी मोठ्या टाकीत बुडवू नका. टब धुऊन पूर्ण वाळवा, आणि मोठ्या टाकीत नवा स्पंज मुरायला ठेवा. टबातला जुना स्पंज औषधात राहिलेला असतो, तो टाकून द्या.