मोफत तपासणीचं मशीन आणि मायचे साडेअठरा हजार

चिकुनगुनियाचा ताप आठवड्यात उतरतो. सांधे सुटायला आणि अंगात शक्ती यायला मात्र महिने लागतात. आमच्याकडे मोफत तपासणीच्या नावाने पुड्या विकायला आलेल्या लोकांचा धंदा या मधल्या महिन्यांवरच चालतो. गेल्या पावसाळ्यानंतर अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी खाटा पडल्या होत्या. कापूस फुटला आणि त्याच सुमारास हे लोक गावात शिरले.

मायचा ताप गेला होता. पण सकाळी मूठ वळायची नाही. भाकरी उलटायला मनगट साथ द्यायचं नाही, अंगण झाडलं तरी ओट्यावर बसकण मारायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या विषाणूवर वेगळं औषध नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम आणि झेपेल तेवढीच हालचाल. दोन-तीन महिने लागतील, काहींना त्याहून जास्त. २००६ ची साथ पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही हे माहीत आहे. पण मायचं म्हणणं, "डॉक्टरनी औषधच दिधं नई, नुसतं थांबा म्हने."

मी कामाला सुरतला असतो, त्यामुळे पुढचं मला घरच्यांकडून तुकड्यातुकड्यात कळलं.

सभामंडपावर फलक लागला: 'रक्त न काढता संपूर्ण शरीर तपासणी, मोफत'. मोफत म्हणजे नोंदणीचे पन्नास रुपये. आधी चिठ्ठीवर नाव, वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष ते लिहून घ्यायचे. मग लॅपटॉपला वायरने जोडलेली धातूची कांडी मिनिटभर मुठीत धरायला लावायची. लगेच रंगीत पानांचा गठ्ठा हातात. लिव्हर सुस्त, कॅल्शियम कमी, गुडघ्यातलं वंगण संपत आलेलं, आणि वर 'विषाणूचे अंश शरीरात शिल्लक'. पुराव्याला त्यांनी मायचाच जुना लॅबचा कागद पुढे केला. त्यावर 'आयजीएम पॉझिटिव्ह' लिहिलेलं होतं. इथे बरेच जण गळाला लागले, म्हणून सांगतो. आयजीएम म्हणजे विषाणू नव्हे. विषाणूशी लढायला आपल्याच शरीराने तयार केलेलं ते प्रतिपिंड असतं. विषाणू रक्तातून साधारण आठवडाभरात जातो, पण हे प्रतिपिंड पुढे काही महिने तपासणीत दिसू शकतं. बरा होत आलेला माणूसही त्या कागदावर पॉझिटिव्हच असतो.

मशीनचं पितळ माझ्या भाच्याने उघडं पाडलं, पण उशिरा. शेजारच्या गावच्या शिबिरात त्याने आणि त्याच्या मावशीने गर्दीत चिठ्ठ्या बदलल्या. कांडी धरली भाच्याने, आणि रिपोर्टात त्याच्या गर्भाशयाला सूज निघाली. पोरगं बारावीत आहे! चिठ्ठीवरचं वय-वजन घेऊन लॅपटॉप पानं छापतो, कांडीचा त्यात काही संबंध नाही.

मायला पुड्यांचा तीन महिन्यांचा 'कोर्स' दिला, १८,५०० रुपयांचा. पहिला कापूस विकून आलेल्या पैशातून आबांनी रोख दिले. पावती मिळाली ती बिलाची नाही, 'सहयोग निधी'ची. पुड्यांवर कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, मुदत असं काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणे जडीबुटी आहे, तिला कसलं लेबल. हेही खोटं. विक्रीच्या आयुर्वेदिक औषधालाही परवाना आणि लेबल लागतंच.

पुडीने दुसऱ्याच दिवशी गुण आला. फोनवर माय खुश: "भाऊ, आते बरं वाटी राह्यनं." ती दिवसभर कापूस वेचायला जाऊ लागली, तीही किलोच्या मजुरीवर, म्हणजे हात थांबवायचाच नाही. गावात पुड्यांचं नाव झालं आणि तिच्याकडे बघून आणखी चार घरांनी पैसे भरले.

दिवाळीत आलो तर मायचं तोंड सुजून गोल झालेलं. उपकेंद्रात मोजली तर साखर वाढलेली. आधी तिला साखरेचा त्रास कधीच नव्हता. नंतर पुड्या संपल्या, पुढचा माल उशिरा आला आणि तोवर माय कोसळली. उलट्या, चक्कर, उठून बसता येईना. त्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं, शरीर विष बाहेर टाकतंय, चांगलं लक्षण आहे, आता डोस दुप्पट करा.

आम्ही तिला धुळ्याला नेलं. बीपी फार खाली गेलं होतं. डॉक्टरांनी पुडी पाहून एवढंच विचारलं, "दुसऱ्या दिवशीच आराम पडला होता का? आणि बंद केल्यावर असं झालं?" त्यांचा संशय स्टेरॉइडवर होता. स्टेरॉइड दुखणं झटक्यात दाबतं, म्हणून 'जडीबुटी'त ते मिसळतात. पण आठवडेच्या आठवडे ते बाहेरून मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवतात. मग अचानक बंद केलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. मायला स्टेरॉइडच मोजून देऊन हळूहळू कमी करावं लागलं. तिथेच साध्या रक्त तपासणीत हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. म्हणजे थकव्याचं एक खरं कारण होतं, आणि त्याच्या लोहाच्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या गठ्ठाभर रंगीत पानांत हिमोग्लोबिनची एक ओळ नव्हती. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

आणि तीन महिनेच का, तेही बघा. बहुतेकांचं दुखणं तेवढ्यात आपोआपच बरंच उतरतं. उतरलं तर श्रेय पुडीचं, नाही उतरलं तर दुसरा कोर्स. त्यांना दोन्हीकडून फायदाच.

उरलेल्या पुड्या, पावती आणि पत्रक घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. नमुन्याचा अहवाल अजून आलेला नाही. पत्रकात 'मधुमेह मुळापासून बरा' असंही छापलं होतं, आणि १९५४ च्या चमत्कारी उपायांविरुद्धच्या कायद्याने तशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, आणि विकणारा कुठलाही असो, तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. आबांनी 'सहयोग निधी'ची चिठ्ठी पंचांगात जपून ठेवली होती, नाहीतर हातात काहीच नसतं.

ज्या चार घरांनी पुड्या घेतल्या, त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. दोघांनी ऐकलं. एका काकांनी उंबऱ्यातूनच परत पाठवलं, त्यांचे गुडघे सध्या दुखत नाहीत ना! तुमच्याकडे कोणी अशा पुड्या घेत असेल तर घाबरून एकदम बंद करायला लावू नका. पुडी आणि माणूस, दोघांना घेऊन आधी डॉक्टरकडे जा. ही मंडळी आता पारोळ्याच्या बाजूला फिरताहेत असं कळतंय. फलकावरचं नाव बदललंय, मशीन तेच आहे.