लायब्ररी ४८ वर न्यायची की आहे तशीच वाजवायची?

सामुदायिक रेडिओचं केंद्र दहा-बारा वर्षं चाललं की त्याच्या हार्ड डिस्कवर दोन तऱ्हेच्या फाईली जमा होतात. सीडीवरून उतरवलेली गाणी आणि कॅसेटवरून करून घेतलेली जुनी रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्‌झची. म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून ठेवलेला; अशा एकेका मोजणीला सॅम्पल म्हणतात, आणि मोजण्याच्या वेगाला दर. रेकॉर्डरवर, मोबाईलवर टिपलेलं आणि व्हिडिओवाल्याकडून मिळालेलं बहुतेक सगळं ४८ चं. आमचं केंद्र यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाबाहेर आहे. आमच्याकडे साधारण सहाशे तासांचा साठा होता, तीन हजारांवर फाईली, आणि त्यातल्या दोनतृतीयांश ४४.१ च्या. गेल्या वर्षी स्टुडिओचा मिक्सर बदलला, तो कायमचा ४८ वर ठेवायचं ठरलं, आणि मग प्रश्न आला की या जुन्या साठ्याचं काय करायचं. तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल तर आमचे दोन्हीकडचे अनुभव उपयोगी पडावेत.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आवाज सुधारावा म्हणून हे करणार असाल, तर करू नका. शेरातलं धान्य पायलीत ओतलं म्हणून वाढत नाही. फाईलीत दराच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्येचाच आवाज मावतो, म्हणून ४४.१ च्या फाईलीत २२ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही नव्हतं, ४८ वर नेल्यावरही ते येणार नाही. शिवाय आपलं एफएम प्रसारण १५ किलोहर्ट्‌झपर्यंतच आवाज नेतं, कारण १९ वर स्टीरिओची खूण देणारा पायलट सूर बसलेला असतो. शेताच्या बांधावर मोबाईल कानाला लावून ऐकणाऱ्याला ४४.१ आणि ४८ मधला फरक कळणार नाही, आणि मला वाटतं स्टुडिओतल्या चांगल्या हेडफोनवर तुम्हालाही कळणार नाही. हा निर्णय रोजच्या कामाच्या सोयीचा आहे.

आम्ही पहिले सात-आठ महिने फाईलींना हात लावला नाही. फाईली ओळीने वाजवणारं प्लेआउटचं सॉफ्टवेअर फाईल बघतं, ती ४४.१ ची असेल तर साउंड कार्डाला ४४.१ वर नेतं, पुढची ४८ ची आली की परत ४८ वर आणतं. एक पैसा खर्च नाही, एक रात्र जागरण नाही. पहिल्या दिवशी मला हेच पटलं होतं.

त्रास सुरू झाला तो सकाळी सहाच्या प्रसारणसभेला. आमची ओळखधून नवीन, म्हणून ४८ ची. तिच्यामागून येणारं 'राम राम मंडळी' हे आमच्या सर्वांत जुन्या निवेदक काकांच्या आवाजातलं, २०१३ साली टिपलेलं, ४४.१ चं. ओळखधून संपली की कार्ड आपलं घड्याळ, म्हणजे दर, बदलायचं, आणि ते बदलून स्थिर होईपर्यंत आवाज बंद ठेवायचं. जेमतेम पाव-अर्धा सेकंद. पण काका थांबायचे नाहीत, फाईल पुढे चाललेली असायची. बाहेर जायचं ते 'म राम मंडळी'. कधी नुसतंच 'राम मंडळी'.

स्टुडिओत आम्हाला हे पंधरा दिवस कळलं नाही. आम्ही स्क्रीनवर पट्टी हलताना बघत होतो आणि मनात पूर्ण वाक्य ऐकत होतो. कळलं ते पलीकडच्या गावातल्या एका आजींच्या फोनमुळे. त्या रोज सडा टाकताना रेडिओ लावतात. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पयला राम ऐकू नाई येत. काहून?" दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत न बसता बाहेर अंगणात रेडिओ घेऊन बसलो, आणि खरंच, पहिला राम नव्हता. मग दिवसभर ऐकत राहिलो. 'कापसावरील' मधला 'का' गेलेला. बाजारभावाच्या सुरुवातीला 'आर्वी'चं 'र्वी' झालेलं. पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडत्यांमध्ये तर पहिला शब्द महत्त्वाचा. तोच खाल्लेला, आणि मागची मंडळी मात्र जोरात साद देताहेत.

यावर एक उपाय आम्ही करून पाहिला. प्रत्येक फाईलीच्या सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता जोडायची, म्हणजे कार्डाने खायचं ते खावं. राम परत आला. पण ज्या दोन फाईली एकाच दराच्या, तिथे घड्याळ बदलत नाही, म्हणून ती शांतता जशीच्या तशी ऐकू यायला लागली. सलग वाजणाऱ्या भजनांमध्ये दर वेळी एक खड्डा. निवेदक ताई थेट कार्यक्रमात बोलणं संपवून बटण दाबायच्या आणि अर्धा सेकंद काहीच यायचं नाही. त्या घाबरून पुन्हा दाबायच्या. शेवटी असं झालं की प्रत्येक फाईल उघडून तिला काहीतरी करायचंच आहे, तर मग शांतता का जोडायची, दरच का बदलायचा नाही? आमचा काटा इथे झुकला. बाकीची सगळी कारणं मी नंतर गोळा केली, हे कबूल करतो.

न्यायाने हेही सांगायला हवं की वाजताना बदलण्याचा दुसरा प्रकार आहे, आणि त्यात राम गिळला जात नाही. कार्ड कायम ४८ वर ठेवायचं आणि ४४.१ ची फाईल आली की संगणकानेच ती वाटेत बदलायची. काम वाटतं तेवढं सोपं नाही, कारण या दोन दरांचं गुणोत्तर १४७ ला १६० आहे. दुप्पट-तिप्पट असं सरळ काही नाही, जवळजवळ प्रत्येक सॅम्पल नव्याने काढावं लागतं. हे हलक्या दर्जाने केलं की भाषणात काही कळत नाही, पण खंजिरीत कळतं. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीच्या वाटेवरच्या गावांमधून टिपलेली खंजिरी भजनं आमच्याकडे भरपूर आहेत. खंजिरीच्या झांजांचा तो बारीक, झगझगीत आवाज मला थोडा खरबरीत वाटायला लागला. दर्जा वाढवला तर आवाज निवळला, पण आमचा नऊ वर्षांचा संगणक मे महिन्यात, दुपारी पारा ४५ च्या वर असताना, मधूनच अडखळायला लागला. तुमच्याकडे नवा संगणक आणि बंद खोलीत एसी असेल तर हा त्रास तुम्हाला होणारही नाही. आमच्याकडे पंखा आहे.

तिसराही एक मार्ग लोक सुचवतात: साठा ४४.१ चाच जास्त आहे ना, मग केंद्रच ४४.१ वर ठेवा आणि नवीन येणारं तेवढं खाली आणा. कागदावर बरोबर आहे. पण जुना साठा एकदाच बदलावा लागतो, नवीन फाईली रोज येतात. शेतकरी प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट करून पाठवतात, त्या ओपस या आवाज दाबून ठेवण्याच्या प्रकारात येतात, आणि ओपसच्या दरांच्या यादीत ४४.१ नाहीच. रोज संध्याकाळी कोणीतरी बदल करायला विसरणार.

आता सगळं एकदाच बदलण्याचा खर्च. आम्ही सॉक्स हे फाईलींचा दर बदलणारं मोफत साधन वापरलं, दर्जा सर्वांत वरचा ठेवला, आणि रात्री सभा संपल्यावर काम लावून दिलं. तीन रात्री लागल्या. दोनच रात्री पुरल्या असत्या, पण दुसऱ्या रात्री दीड वाजता लाइन गेली आणि इन्व्हर्टरही उतरला. सकाळी पाहिलं तर एक फाईल अर्धीच लिहिलेली होती, आणि तिचं नाव, फोल्डर सगळं पूर्ण झालेल्या फाईलीसारखंच. ती उघडून शेवटपर्यंत ऐकली म्हणून सापडली. तेव्हापासून नवीन फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाली आणि लांबी मूळ फाईलीशी जुळली तरच खरं नाव द्यायचं, अशी पद्धत केली. आपल्याकडे लाइनचा भरवसा नाही, तेव्हा ही एक गोष्ट तरी पहिल्या दिवसापासून करा.

जागेची भीती मात्र बाळगू नका. सोळा बिट स्टीरिओ वेव्ह फाईल, म्हणजे आवाज न दाबता ठेवलेली, ४४.१ ला मिनिटाला सुमारे १०.६ एमबी घेते, ४८ ला ११.५. सहाशे तास स्टीरिओ धरले तरी ३८१ जीबीचे ४१५ होतात. मूळ आणि नवीन दोन्ही मिळून एक टीबीच्या डिस्कवर बसतात.

आवाज फुटण्याकडे लक्ष ठेवा. पूर्वी कोणीतरी सगळ्या फाईलींचा आवाज अगदी माथ्यापर्यंत वाढवून ठेवलेला असतो. दर बदलताना सॅम्पलच्या मधली शिखरं वर येतात आणि माथा ओलांडतात. बोलण्यात हे क्वचित होतं, खंजिरीत आणि डफात सर्रास. सॉक्समध्ये यासाठी गार्डचा पर्याय आहे, तो लावला की गरजेपुरता आवाज आपोआप खाली येतो. आम्ही पहिल्या वीस फाईली तो न लावता केल्या होत्या आणि त्यातल्या सहा पुन्हा कराव्या लागल्या.

खुणांचं दुखणं मात्र खरं, आणि एकदाच बदलण्याच्या विरुद्ध बोलणारं सर्वांत वजनदार कारण हेच आहे. गाण्याचे बोल कुठे सुरू होतात, पुढचं कुठे जोडायचं, या खुणा काही ठिकाणी फाईलीच्या पोटातच 'कार्ट' नावाच्या कप्प्यात असतात, आणि तिथे त्या सेकंदांत नसून सॅम्पलच्या मोजणीत लिहिलेल्या असतात. कप्पा तसाच पुढे नेला तर तीन मिनिटांवरची खूण २ मिनिटे ४५ सेकंदांवर येते आणि भजनाचं शेवटचं कडवं कापलं जातं. कप्पा नेलाच नाही तर खुणा जातात. आमच्या जवळपास दोनशे भजनांच्या गेल्या. निवेदक ताईंनी आठ दुपारी बसून त्या परत लावल्या, एकेक भजन ऐकत. तुमचं सॉफ्टवेअर खुणा मिलिसेकंदांत आपल्या डेटाबेसमध्ये ठेवत असेल तर हे दुखणं नाही. सॅम्पलमध्ये ठेवत असेल तर प्रत्येक आकड्याला १६० ने गुणून १४७ ने भागा. रिव्हेंडेलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या यंत्रणेचा एकच दर ठरवलेला असतो आणि आयात केलेली फाईल ते त्याच दरावर आणतं, म्हणून नवीन येणाऱ्यांची काळजी तिथे संपते. जुन्यांची आपल्यालाच करावी लागते. हजारभर गाण्यांना हाताने खुणा लावलेल्या असतील आणि त्या फाईलीतच असतील, तर घाई करू नका, आधी दहा फाईली करून बघा.

काही जण फाईल न बदलता तिच्या सुरुवातीला लिहिलेला दराचा आकडाच ४८ करतात. तसं केलं की तासाचा कार्यक्रम ५५ मिनिटांत संपतो आणि काकांचा आवाज वरच्या पट्टीत, पातळ येतो. त्या वाटेला जाऊ नका. एमपीथ्री फाईली ४८ वर नेऊन परत एमपीथ्री करू नका, दुसऱ्यांदा दाबल्याने त्या आणखी उतरतात. वेव्ह किंवा फ्लॅक (काही न गमावता दाबलेली फाईल) करून ठेवा. आणि प्रसारणाची तीन महिने जपून ठेवायची जी नोंद असते ती या सगळ्यातून बाहेर ठेवा, तिचा दर कुठलाही असला तरी काही अडत नाही.

केंद्र नवीन असेल, साठा शे-दीडशे फाईलींचा असेल, किंवा कार्ड दर बदलताना काही गिळत नसेल, तर वाजताना बदलू द्यायला माझी हरकत नाही. फक्त ते कार्डाच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. ४८ ची एक फाईल आणि तिच्यामागे ४४.१ ची, जिचा पहिला शब्द महत्त्वाचा आहे अशी, एकापाठोपाठ लावा. मग रेडिओ घेऊन बाहेर अंगणात बसा आणि ऐका.

आमच्याकडे आता सकाळी सहाला दोन्ही राम जातात. त्या आजींना मी फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, "हो, आता येते."

मूळ ४४.१ च्या फाईली आम्ही पुसल्या नाहीत. त्यात जात्यावरच्या ओव्यांच्या सत्तावीस फाईली आहेत, गाणाऱ्या बायकांपैकी दोघी आता नाहीत, आणि पुन्हा टिपणं शक्य नाही. ती डिस्क केंद्रात ठेवत नाही. एक प्रत गावातल्या शाळेच्या लोखंडी कपाटात आहे, दुसरी ताईंच्या घरी. दर सहा महिन्यांनी दोन्ही लावून बघतो. मागच्या पोळ्याला लावल्या तेव्हा सत्तावीसच्या सत्तावीस उघडल्या.