अठराशे सीसीची क्रूझर : काही महिने चालवल्यानंतर

सव्वातीनशे किलो हा आकडा कागदावर वाचून काहीच कळत नाही. गाडी साइड स्टँडवरून सरळ उभी करताना तो कळतो. सीट खाली असते, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात, तरी पहिल्या दिवसांत छातीत धाकधूक होतेच. एकदा गाडी चालू लागली की मात्र ते वजन कुठे गेलं असं वाटतं. दोन चाकांमधलं अंतर भरपूर आणि वजन सगळं खाली, त्यामुळे सरळ रस्त्यावर ही गाडी इतकी स्थिर चालते की हँडल नुसतं धरून बसावं.

पहिल्यांदा प्रेमात पाडतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवायला इंजिन लावतं तो जोर. या वर्गात शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर असते; हजार सीसीची स्पोर्ट्स बाइक त्याच्या जवळपास दुप्पट देते. पण स्पोर्ट्स बाइकची ताकद दहा हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) पलीकडे सापडते, इथे ती तुमच्या मनगटाशीच असते. बीएमडब्ल्यूच्या आर १८ चं उदाहरण घ्या : १८०२ सीसी, ३००० आरपीएमला १५८ न्यूटन मीटर टॉर्क, आणि २००० ते ४००० या सगळ्या पट्ट्यात १५० च्या वर. म्हणजे ओव्हरटेक करायला गिअर पाडण्याची गरज क्वचितच पडते. एक पथ्य मात्र पाळावं. टॉर्क आहे म्हणून सहाव्या गिअरमध्ये अगदी कमी वेगाने गाडी रेटू नये. इंजिन धक्के द्यायला लागलं की ते गिअर कमी करायला सांगत असतं.

आवाजाबद्दल थोडंसं. हार्ली-डेव्हिडसनच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे ‘व्ही’ आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात, दोन्ही पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) एकाच पिनवर बसतात, त्यामुळे सिलिंडरमधले स्फोट समान अंतराने होत नाहीत : क्रँक एकदा ३१५ अंश फिरल्यावर, एकदा ४०५ अंश फिरल्यावर. ते अडखळत धडधडणं तिथून येतं. माझ्या गाडीची रचना थोडी वेगळी आहे, पण तीही व्ही-ट्विनच, आणि महिने उलटले तरी सकाळी स्टार्टर दाबल्यावर येणारा तो पहिला ठोका ऐकायला मला अजून तितकंच आवडतं.

आता खरा मुद्दा. मोठी क्रूझर चालवता येते की नाही हे शंभरच्या वेगाला ठरत नाही, ते दहाच्या वेगाला ठरतं. अरुंद रस्त्यावर यू-टर्न घ्यायचाय असं समजा. थ्रॉटल किंचित उघडा आणि तिथेच स्थिर ठेवा. क्लच पूर्ण सोडायचा नाही आणि पूर्ण दाबायचाही नाही. जिथे तो जेमतेम पकडतो त्या अर्ध्या इंचात बोटं खेळती ठेवायची. उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच लावून ठेवायचा, म्हणजे इंजिन पुढे ओढतं, ब्रेक मागे धरतो आणि गाडी ताठ राहते. नजर पुढच्या चाकाकडे नको. मान पूर्ण वळवून जिथे बाहेर पडायचंय तिथे बघायचं. आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, कारण त्या क्षणी सगळं वजन एका बाजूला जातं आणि मग ते पायाने थोपवता येत नाही. मोकळ्या मैदानात याचा सराव करायला लागलो आणि तिथून माझं या गाडीशी खरं नातं जुळलं.

वळणांवर २४० मिलिमीटरचा मागचा टायर आपलं अस्तित्व जाणवून देतो. रुंद टायरला सरळ राहायला आवडतं, म्हणून हँडलचं आतलं टोक पुढे ढकलून गाडी ठामपणे झुकवावी लागते. फार झुकवली की पाय ठेवायचा फूटबोर्ड रस्त्याला घासतो. हे फूटबोर्ड बिजागरीवर वर उचलले जातात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण ती सूचना आहे आणि ती मानावी. ब्रेकिंगमध्येही फरक आहे : वजन खाली आणि व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) लांब असल्याने ब्रेक लावल्यावर पुढच्या चाकावर भार कमी सरकतो, म्हणून मागचा ब्रेक इथे खरंच काम करतो.

त्रास दोनच, पण दोन्ही खरे. एअर-कूल्ड इंजिनाचं मागचं सिलिंडर थेट मांडीखाली असतं आणि त्याला वारा कमी मिळतो. ट्रॅफिकमध्ये थांबलं की उजवी मांडी भाजते. दुसरा त्रास कमरेचा. पाय पुढे पसरल्यामुळे शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो, खड्डा आला तरी पायांवर उचलून बसता येत नाही, आणि मागच्या सस्पेन्शनची हालचालही मर्यादित असते. मागे कोणी बसणार असेल तर प्रीलोड (मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवूनच निघा, फरक लगेच जाणवतो.

देखभाल सोपी आहे. मागचं चाक फिरवायला इथे चेनऐवजी बेल्ट आहे, त्याला ना तेल ना ग्रीस. ताण तपासायचा आणि दातांत खडा अडकला नाही ना ते बघायचं.

घेण्याच्या विचारात असाल तर टेस्ट राइडला निघण्याआधी इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलून बघा. आर १८ मध्ये रिव्हर्सचा पर्याय मिळतो, होंडाच्या गोल्ड विंगमध्येही तशी सोय आहे, पण बहुतेक क्रूझरमध्ये नसते. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी एकट्याने मागे काढणं जवळपास अशक्य. मागचं चाक उताराच्या बाजूला ठेवून गाडी लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.